पीण्याची वीज, पठाराचा वारा

बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलं आहे. 1970 च्या दशकात ते उभं राहिलं. लेथ, सीएनसी, प्रेस, भट्ट्या. वीज गेली की अख्खी पाळी बसून राहते. इथूनच जाणारा महामार्ग पुढे चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत साताऱ्याला पोचतो. चित्रदुर्गाजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागतात. साताऱ्याहून ठोसेघरमार्गे वर चढलं, की चाळकेवाडीचं पठार लागतं आणि पुढे पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, कोयना जलाशयाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंच.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली ऊर्जा आठपट होते. म्हणून उघडा माथा हवा. पावसाळ्यात, जेव्हा या पठारावर उभं राहणंही कठीण असतं, तेव्हाच चक्क्या सर्वाधिक वीज देतात.

खालच्या वाड्यांना काय मिळालं? अवजड पाती वर न्यायची म्हणून रस्ते झाले, आणि त्यांवरून आजारी माणसालाही खाली आणता येऊ लागलं. राखणदारी, गाडी चालवणं, देखभाल अशी कामं काही तरुणांना मिळाली. हे फायदे खरे आहेत, त्यांना कमी लेखू नये. पण ज्यांनी जमीन एकरकमी विकली, त्यांचा वाऱ्याशी संबंध त्याच दिवशी संपला. चक्की पुढे वीसेक वर्षं फिरते. पैसे त्याआधीच लग्नात, घरात, दवाखान्यात जातात.

बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी चाळकेवाडीवर केलेलं संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले आणि गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढलेले. पठाराच्या हिशेबात हेही धरायला हवं.

आता पीण्याकडे पाहा. 2005 च्या वीज नियमांनुसार कारखानदारांनी एकत्र येऊन प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी घेतली आणि वर्षाची निदान 51 टक्के वीज स्वतः वापरली, तर ती स्वतःची वीज ठरते, आणि तिच्यावरचे काही अधिभार टळतात. म्हणजे शेकडो किलोमीटर दूरच्या लेथवाल्याला चक्कीचा भागीदार होण्याची वाट कायद्यानेच दाखवली आहे. चक्कीच्या सावलीतल्या वाडीसाठी अशी वाट नाही. डेन्मार्कने 2008 च्या कायद्यात नव्या पवन प्रकल्पाचा किमान 20 टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ करणं बंधनकारक केलं होतं. ही तरतूद पुढे बदलली, पण भागीदारीची कल्पना अव्यवहार्य नाही एवढं तिने दाखवलं.

तुमच्या गावच्या माथ्यावर उद्या कोणी वारा मोजायचा मनोरा उभारला, तर सातबारा हातचा जाऊ देऊ नका. जमीन भाड्याने द्या, भाडं विजेच्या उत्पन्नाशी जोडून मागा, आणि करार सही होण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या.