परतीच्या बोलीवर

नॅथॅनियल वॉलिच १८२८मध्ये लंडनला पोहोचले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड साठा घेऊन. कलकत्त्याच्या बागेच्या या डॅनिश अधीक्षकांना एकट्याने त्या हजारो नमुन्यांची ओळख पटवणं या जन्मी जमणारं नव्हतं. त्यांनी कामाची वाटणी केली. तुळशीच्या कुळाचे नमुने जॉर्ज बेंथम यांच्याकडे गेले, ऑर्किडं जॉन लिंडले यांच्याकडे. जादा नमुने युरोपभरच्या संग्रहांना वाटले गेले. मुख्य संच १८३२मध्ये लिनिअन सोसायटीकडे आणि तिथून १९१३मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातल्या हर्बेरियमकडे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाकडे गेला.

एका संग्रहातली शीट, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद, दुसऱ्या गावच्या अभ्यासकाच्या टेबलावर जाते आणि काम झालं की परत येते, हा व्यवहार तेव्हापासून रुळत गेला. त्याला कारणही तसंच आहे. वनस्पतीच्या प्रत्येक शास्त्रीय नावाला एक ठरावीक नमुना बांधलेला असतो. त्याला ‘टाइप’ म्हणतात. आपल्या हातातलं झाड तेच की वेगळं, हा वाद शेवटी त्या शीटपाशी जाऊन मिटतो, मग ती कुठल्याही देशात असो.

आपल्याकडच्या झाडांचे असे असंख्य टाइप परदेशात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला, तो निवृत्तीनंतर क्यूमध्ये बसून. कोकणातल्या झाडाची ओळख लंडनच्या उपनगरात पटवायची, ही तेव्हाची रीतच होती. स्वातंत्र्यानंतरही भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा एक अधिकारी क्यूमध्ये नेमला जाई. इकडून विचारलेल्या शंका तिकडच्या शीटांशी ताडून पाहणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग.

मौल्यवान वस्तू घराबाहेर देऊ नये, असं कोणीही म्हणेल. बर्लिनमध्ये मात्र नेमकं उलटं घडलं. शहराच्या डालेम भागातल्या हर्बेरियममध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वी सुमारे ४० लाख नमुने होते. १ मार्च १९४३च्या रात्री बॉम्ब पडले आणि त्यातले बहुतेक जळून गेले. वाचलेल्यांत ठळक होते ते बाहेर उसने दिलेले नमुने. अभ्यासकांनी परत करायला लावलेला उशीर एरवी क्युरेटरांच्या डोक्याला ताप असतो, त्या वर्षी तोच कामी आला. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे फ्रान्सिस मॅकब्राइड यांनी १९२९पासून बर्लिनमध्ये आणि पुढे युरोपातल्या इतर संग्रहांत टाइप नमुन्यांची छायाचित्रं घेतली होती. एकूण सुमारे ४०,००० निगेटिव्ह जमल्या. जळालेल्या कित्येक टाइपांची आता तेवढीच खूण उरली आहे.

मनिलाचा संग्रह १९४५च्या लढाईत गेला. पण एल्मर मेरिल यांनी फिलिपिन्समधले जादा नमुने आधीच जगभर वाटून ठेवले होते. युद्धानंतर त्यांतलेच नमुने मागवून संग्रह पुन्हा उभा करता आला.

युद्धानंतर या व्यवहाराला शिस्त आली. जगातल्या हर्बेरियमांची सूची ‘इंडेक्स हर्बेरिओरम’ या नावाने १९५२मध्ये युट्रेख्टहून निघाली. क्यूला नुसतं ‘के’, मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमला ‘ब्लॅट’ अशी प्रत्येकाची सांकेतिक अक्षरं ठरली. आज या सूचीत साडेतीन हजारांच्या आसपास संग्रह आणि सुमारे ४० कोटी नमुने आहेत. उसनवारी होते ती संस्थेशी, व्यक्तीशी नाही. संशोधक नोकरी सोडून गेला तरी शीटांची जबाबदारी संस्थेवरच राहते.

पार्सल आलं की उघडण्याची घाई करायची नसते. ते आधी थेट फ्रीझरमध्ये जातं आणि उणे वीस अंशांच्या आसपास काही दिवस राहतं. हळद-मिरचीच्या डब्यात होतो तो बारीक तपकिरी भुंगेरा वाळक्या फुलांवरही तुटून पडतो, आणि एका पार्सलातून आलेला किडा अख्ख्या कपाटांत पसरू शकतो. पूर्वी यावर मर्क्युरिक क्लोराइड लावत. म्हणून जुन्या शीटा आजही हातमोजे घालून हाताळायच्या. शीट वहीच्या पानासारखी उलटायची नाही, कायम आडवी ठेवायची. पाकळी किंवा बी गळलं तर ते फेकायचं नाही, शीटवरच चिकटवलेल्या कागदी पुडीत ठेवायचं. मूळ लेबलवर कोणी काही लिहायचं नसतं. ‘ही जात ती नव्हे’ असं वाटलं तर नाव आणि साल घातलेली वेगळी चिठ्ठी बाजूला लावायची. जुन्या शीटवर अशा चार-पाच चिठ्ठ्या एकाखाली एक दिसतात, आणि त्यांतलं भांडण वाचायला मोठी मजा येते.

एवढी काळजी घेऊनही सरकारी टेबलावर घात होऊ शकतो. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड हर्बेरियमला सूर्यफुलाच्या कुळातले १०५ नमुने उसने पाठवले. त्यांत टाइपही होते. कागदपत्रं अपुरी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा विभागाने पार्सल अडवलं. खुलाशाचा ईमेल भलत्याच पत्त्यावर गेला. २०१७मध्ये पार्सल नष्ट करण्यात आलं. कागदावर त्याची किंमत लिहिली होती दोन डॉलर! बाजारभाव नसलेल्या वस्तूची काहीतरी नाममात्र किंमत टाकण्याची पद्धतच होती, तीही अंगाशी आली. त्याआधी न्यूझीलंडहून आलेल्या दगडफुलांच्या नमुन्यांचंही असंच झालं होतं. ते पाठवणाऱ्या न्यूझीलंडच्या संस्थेने मग ऑस्ट्रेलियाला नमुने देणं थांबवलं. दोष तिला कसा द्यावा? व्यापारासाठी नसलेल्या अशा देवघेवीला धोक्यातल्या जातींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ करारातसुद्धा सूट आहे, पण ती मिळायची तर योग्य लेबल हवं आणि ते ओळखणारा अधिकारीही हवा.

त्यामुळे आता बहुतेक संस्था आधी स्कॅन पाठवतात. शीटवरचं नाजूक काहीही चेपू नये म्हणून क्यूमध्ये स्कॅनरच उलटा टांगण्याची युक्ती निघाली. खाली शीट आणि वर काच, असा तो ‘हर्बस्कॅन’. पुढे क्यूने आपल्या सुमारे ७० लाख नमुन्यांचं डिजिटायझेशनही हाती घेतलं. पुण्या-कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला यातून मिळालेलं स्वातंत्र्य कुक यांच्या काळात स्वप्नातही आलं नसतं.

तरी कंदीलपुष्पांसारखी प्रजाती पुढ्यात आली की पडदा अपुरा पडतो. सह्याद्रीतल्या या सेरोपेजियांच्या जाती ओळखताना फुलाच्या नळीच्या तळाशी असलेल्या बारीक मुकुटाला फार महत्त्व असतं, आणि दाबून वाळवलेल्या फुलात तो आतच चेपलेला असतो. स्कॅनमध्ये दिसते ती फक्त बाहेरची नळी. फूल पाण्यात उकळून मऊ करायचं, सुईने उलगडायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली मुकुट मोजायचा, असं हे काम. त्यासाठी मालक-संस्थेची लेखी परवानगी लागते, आणि शीटवर एकच फूल असेल तर ती सहसा मिळत नाही. डीएनएसाठी पानाचा नखाएवढा तुकडा हवा असला तरी वेगळा अर्ज करावा लागतो. तो तुकडा परत येणारा नसतो, म्हणून कोणी, कधी आणि कशासाठी घेतला याची चिठ्ठी त्या शीटवर डकवली जाते.