गाडीचं शॉकअप: हवेचं की स्प्रिंगचं?

आम्ही गटाच्या बाया पापड-कुरडयांचा माल दुचाकीवर घेऊन अमरावतीहून अकोल्याला जातो. २०२२च्या जूनमध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरची सलग डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण कंबर मोडते ती फाट्यावरून गावात वळल्यावर!

मागे बसणारीची कंबर धरली, म्हणून गटाच्या पैशातून हवेचं शॉकअप घ्यायचं ठरत होतं. आधी समजून घेतलं. त्यात स्प्रिंगऐवजी कोंडलेली हवा वजन पेलते. ओझं वाढलं की हवा भरायची, उतरलं की कमी करायची. सोय चांगली, पण वेगळा पंप लागतो, आणि सील गळलं की गाडी मागून बसते.

आपल्या बऱ्याच गाड्यांच्या स्प्रिंगलाही खाचा असतात. दोघी आणि माल असला की पान्यानं खाच वाढवायची, एकटी असली की कमी करायची. दोन शॉकअप असतील तर दोन्हींची खाच सारखीच हवी. तेल गळत असेल तर मात्र शॉकअप बदलाच.

आम्ही खाच वाढवली. गाडी खड्ड्यात आदळायची थांबली, पैसे गटातच राहिले. तुम्हीही आधी खाच तपासा, मगच खर्चाचा ठराव करा.