आयाकूचोचा विजेता : सेनापती सुक्रे

दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट निघाली की बोलिव्हारचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या खंडावरील स्पेनच्या सुमारे तीनशे वर्षांच्या सत्तेचा पाया ज्या लढाईने उखडला, त्या लढाईत बोलिव्हार नव्हता. ९ डिसेंबर १८२४ रोजी पेरूमधील आयाकूचोच्या पठारावर स्वातंत्र्यसैन्याचे नेतृत्व आंतोनियो होसे दे सुक्रे या एकोणतीस वर्षांच्या सेनापतीकडे होते.

श्रोतेहो, त्या सकाळचा एक प्रसंग मोठा हृद्य आहे. दोन्ही सैन्यांत एकाच घरचे भाऊ, जुने स्नेही विभागले गेले होते. लढाई सुरू होण्यापूर्वी त्यांना मधल्या मोकळ्या जागेत भेटण्याची परवानगी देण्यात आली. ते एकमेकांना कडकडून भेटले, आपापल्या रांगांत परतले आणि मग तोफा सुरू झाल्या. सुक्रेपाशी सहा हजारांहून कमी माणसे. शत्रूपाशी नऊ हजारांच्या वर. तरीही व्हाइसरॉय ला सेर्ना जखमी होऊन सुक्रेच्या हाती सापडला. आता सूड घेण्यास कोण अडविणार होते? पण सुक्रेने तहात लिहून दिले, की ज्या स्पॅनिश सैनिकाला मायदेशी जावयाचे असेल त्याला पेरूच्या खर्चाने पाठवावे, आणि पूर्वीच्या मतांबद्दल कोणाचाही छळ होऊ नये.

हे औदार्य अचानक उपजलेले नव्हते. व्हेनेझुएलातील कुमाना गावी १७९५ साली जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयातच सैन्यात शिरला, तेव्हापासून त्याने दोन्ही बाजूंनी होणारी कैद्यांची कत्तल पाहिली होती. १८२० साली बोलिव्हार आणि स्पॅनिश सेनापती मोरिल्यो यांच्यात युद्धाचे नियम ठरविणारा करार झाला. जखमींची शुश्रूषा, कैद्यांची अदलाबदल, मृतांचे दफन यांची त्यात तरतूद होती. त्याचा मसुदा मुख्यतः सुक्रेचा.

मात्र त्याच्या चरित्रावर एक काळा डागही आहे, आणि तो झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८२२ च्या नाताळात त्याच्या सैन्याने राजनिष्ठ पास्तो शहर लुटले. निःशस्त्र नागरिक, बायकामुले मारली गेली. नियम लिहिणाऱ्याचेच सैनिक त्या दिवशी नियम विसरले.

१८२५ साली बोलिव्हिया हे नवे राष्ट्र जन्मले. त्याच्या घटनेने अध्यक्षाला तहहयात अधिकार दिला होता. सुक्रेने तो दोनच वर्षांपुरता पत्करला. मठांची मालमत्ता ताब्यात घेऊन त्याने शाळांकडे पैसा वळविला. आदिवासी शेतकऱ्यांवरील जुनी पट्टी काढून सर्वांवर सारखा कर बसविण्याचा बेत मात्र फसला. कर देण्याची वेळ येताच धनिक बिथरले, पोतोसीच्या चांदीच्या खाणी युद्धाने उजाड झालेल्या, आणि तिजोरी रिकामी. १८२६ सालीच ती पट्टी पुन्हा गरिबांच्या माथी आली. रणांगणावर जे साधले ते दप्तरात साधले नाही! १८२८ च्या एप्रिलमध्ये राजधानीतील शिपायांनी बंड केले. त्यांना आवरण्यास स्वतः गेलेल्या अध्यक्षाच्या उजव्या हातात गोळी घुसली. ऑगस्टमध्ये त्याने पद सोडले व तो क्विटोला पत्नीकडे निघून गेला.

४ जून १८३० रोजी बोगोटाहून क्विटोकडे परतत असता, पास्तोजवळच्या बेर्रुएकोसच्या रानात दबा धरून बसलेल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. एका मारेकऱ्याला १८४२ साली देहदंड झाला; सूत्रधार कोण, याचा वाद आजही मिटलेला नाही. पत्नीने त्याचे शव गुपचूप क्विटोला आणविले व त्याची जागा कोणाला कळू दिली नाही. ते अवशेष १९०० साली तेथील एका मठात सापडले, आणि आता क्विटोच्या कॅथीड्रलमध्ये आहेत.