नवा लॅपटॉप येईपर्यंत

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुले पुण्याला किंवा परदेशी, आणि आई-वडिलांपाशी मुलांनीच ठेवून दिलेला जुना लॅपटॉप, असे चित्र अनेक घरांत दिसते. रक्ततपासणीचे अहवाल, ईसीजी, पेन्शनची कागदपत्रे त्यातच साठवलेली असतात. तो अडखळू लागला आणि नवा यायला पंधरवडा असला, की ज्येष्ठांना घोर लागतो तो या कागदांचा.

म्हणून यंत्र सुरू होते आहे तोवर सर्व अहवाल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. चालू औषधे, त्यांची मात्रा आणि ॲलर्जी ठळक अक्षरांत कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावी. रात्री-अपरात्री दवाखाना गाठताना तोच कागद कामी येतो. हयातीच्या दाखल्याचीही चिंता नको. तो नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊनही देता येतो.

दुसरी काळजी उष्णतेची. धुळीने पंखा कोंदला की जुना लॅपटॉप तापतो; त्यात उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तापलेले यंत्र रोज मांडीवर घेतल्यास त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटू शकतात. मधुमेहामुळे संवेदना बोथटलेल्यांना तर चटका जाणवतही नाही. लॅपटॉप टेबलावरच ठेवावा. बॅटरी फुगल्याचे दिसले, तर तो बंद करावा, चार्जिंगला लावू नये, फुगवटा दाबू नये. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. अशा वेळी तंत्रज्ञालाच बोलवावे.

नवा आल्यावर प्रत्येक अहवाल त्यात उघडून पाहावा. मगच जुन्याला निरोप द्यावा.