इंजिनावरील अक्षरांकांचें वाचन : गिरीज येथील एका मोटारसायकलीच्या निमित्तानें

दफ्तरें, नाणीं व ताम्रपट यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांत मोटारसायकलीचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु अक्षर तांब्यावर असो कीं लोखंडावर, त्याच्या वाचनाचे नियम फारसे निराळे नाहींत. आणि तें घासून नाहींसें करणारे हातहि दोहींकडे सारखेच असतात. वसई तालुक्यांतील गिरीज येथें एका गृहस्थांच्या पडवींत बी. एस. ए. कंपनीची एक जुनी फटफटी आम्हांस पाहावयास मिळाली. तिच्या निमित्तानें ह्या विषयाची थोडी फोड करावी असा विचार आहे.

नोंदणीच्या पुस्तकांत ह्या गाडीचें वर्ष १९४८ असें दिलें आहे व घरांतील मंडळीहि तेंच सांगतात. इंजिनाच्या डाव्या अंगास, सिलिंडरच्या बुडाशीं, मात्र 'डब्ल्यू एम २०' अशीं अक्षरें व त्यांपुढें क्रमांक ठोकलेला आहे. यांपैकीं 'एम २०' हा प्रकार होय : सिलिंडर एक, झडपा बाजूस, नळीचा व्यास ८२ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९४ मिलिमीटर, मिळून ४९६ घन सेंटिमीटर. पहिलें अक्षर काळाचें. बर्मिंगहॅमच्या ह्या कारखान्यानें त्या काळांत हंगामासाठीं अक्षर योजण्याची रीत ठेविली होती. 'के' म्हणजे १९३९. युद्ध संपल्यावर 'एक्स', 'वाय' व 'झेड' हीं क्रमानें आलीं. 'डब्ल्यू' मात्र ह्या ओळींत नीट बसत नाहीं. तें १९४० पासून युद्ध संपेपर्यंत चालू राहिलें आणि त्या मुदतींत ह्या जातीच्या सुमारें सव्वा लाख गाड्या युद्धासाठीं तयार झाल्या. तेव्हां 'डब्ल्यू' पाहून '१९४०' असा निकाल देणें चुकीचें. आणि नोंदणीवरून '१९४८' म्हणणें तर त्याहून चुकीचें.

मग १९४८ हें साल आलें कोठून? युद्धानंतर लष्करास नकोशा झालेल्या मोटारसायकली विक्रीस निघाल्या व खासगी मालकांच्या नांवें त्यांची नोंदणी झाली. पुस्तकांतील वर्ष हें ह्या नोंदणीचें, गाडीच्या जन्माचें नव्हे. वसईच्या इतिहासाशीं परिचित असलेल्यांस हा भेद नवा नाहीं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ व मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे सन आहेत. वसईची मोहीम १७३९ ची. घंटेवरील सन ओतकामाचा, देवळांत येण्याचा काळ वेगळा. हा विवेक घंटेच्या बाबतींत आपण करितों, गाडीच्या बाबतींत सरकारी शिक्का पाहून विसरतों.

ह्या दोन वस्तूंत एक फरकहि आहे, आणि तो नवशिक्या संग्राहकास हमखास फसवितो. घंटेवरील सन ओतीव, उठावाचा असतो व तोच प्रमाण. इंजिनावरील उठावाचे आंकडे हे बहुधा त्या सुट्या भागाच्या सांच्याचे अथवा यादींतील क्रमांक असतात; एकाच सांच्यांतून निघालेल्या हजारों भागांवर ते सारखेच येतात. ह्या एका इंजिनाची ओळख ठशानें ठोकलेल्या, खोलगट आंकड्यांत असते. हे आंकडे एकेक पोलादी ठसा हातोडीनें मारून उठविलेले असल्यामुळें ओळ किंचित् वांकडी असते, एकादा आंकडा खोल तर दुसरा उथळ असतो. असा वांकडेपणा दिसला कीं संशय घेऊं नये. संशय घ्यावा तो सभोंवारच्या पृष्ठभागाचा. ओतीव धातूची मूळची खरखरीत कातडी आंकड्यांभोंवतीं गुळगुळीत झाली असेल, तर तेथें कानस चालली आहे. हा धोका ओळखूनच ट्रायम्फ कारखान्यानें पुढें क्रमांकाच्या जागेवर आपल्या नांवाची बारीक नक्षी उठविण्याची पद्धत घातली. क्रमांक घासला कीं नक्षीहि जाते.

ट्रायम्फ व बी. एस. ए. यांनीं १९६९ च्या हंगामापासून दोन अक्षरांची एक खूण वापरली. पहिलें अक्षर महिन्याचें, दुसरें वर्षाचें. 'जे' म्हणजे ऑगस्ट, 'डी' म्हणजे १९७०. म्हणून 'जेडी' चा अर्थ ऑगस्ट १९७० असा कोणीहि लावील. परंतु दुसरें अक्षर हंगामाचें आहे व नवा हंगाम ऑगस्टांत सुरू होई. म्हणून 'जेडी' ही ऑगस्ट १९६९ ची गाडी. शक व इसवी सन यांचा मेळ घालतांना चैत्रापूर्वीच्या महिन्यांत जी सावधगिरी लागते तीच येथें लागते.

इतर कारखान्यांच्या रीती निराळ्या आहेत. नॉर्टननें आपल्या इंजिनांवर व्यास व धाव हींच ठोकलीं. '७९ × १००' असें दिसल्यास गणितानें ४९० घन सेंटिमीटर निघतात. रेडिचच्या बुलेटवर 'जी २', प्रागच्या जावावर आरंभीं प्रकाराचाच आंकडा, ३५३ म्हणजे अडीचशेची व ३५४ म्हणजे साडेतीनशेची. ज्या व्हेस्पाचा परवाना पुढें पुण्याच्या बजाज कंपनीनें घेतला तिच्या मूळ इटालियन गाड्यांवर सांगाड्यास 'व्हीबीए १ टी' तर इंजिनास 'व्हीबीए १ एम' असें आढळतें. 'टी' हें सांगाड्याच्या व 'एम' हें इंजिनाच्या इटालियन शब्दाचें आद्याक्षर. हें ठाऊक नसल्यानें 'अक्षरें जुळत नाहींत' म्हणून चांगली गाडी नाकारणारे लोक आहेत.

सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक जुळलाच पाहिजे हा समजहि असाच अर्धवट. बी. एस. ए. च्या त्या काळच्या नागरी गाड्यांत ते मुळांतच जुळत नसत. लष्करी गाड्यांचीं इंजिनें दुरुस्तीच्या तळांवर अदलाबदल होत. जुळले पाहिजेत ते क्रॅंककेसच्या दोन अर्धांवरील खालच्या बाजूचे आंकडे, कारण ते दोन अर्ध एकत्र बसवून कोरलेले असतात. गिरीजच्या गाडींत ते जुळतात. तिचा कार्ब्युरेटर मात्र अमल कंपनीचा ३७६ जातीचा, म्हणजे १९५० नंतरच्या दशकांतला. जुन्या पोथीला नवें पान शिवावें तसा तो मागाहून आलेला. त्यावरून गाडीचा काळ पुढें ओढूं नये.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा राहिलेला नाहीं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकींस 'व्हीए' ह्या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळूं शकते. चॅसिस, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असतां कामा नये. ह्या आशेनें कोणी क्रमांक 'स्पष्ट' करण्यासाठीं त्यावर कानस वा नवा ठसा चालवितो आणि असलेला पुरावा स्वतः नष्ट करितो. पॉलिशवाल्याकडे गाडी देण्यापूर्वीं कागद ठेवून पेन्सिलीनें क्रमांकाचा ठसा घ्यावा. शिलालेखाचा घेतों तसा, आंकड्यांभोंवतींची दोन बोटें जागा सोडून. तो ठसा इंग्लंडांतील व्हिंटेज मोटारसायकल क्लबाकडे असलेल्या कारखान्याच्या जावक-वह्यांशीं ताडून पाहतां येतो. तोंवर गिरीजच्या गाडीची नोंद आम्ही 'युद्धकालीन. नोंदणी १९४८' एवढीच केली आहे.