मुखवट्यामागची हयगय

समीक्षकांच्या पंक्तीत ज्या वाङ्मयप्रकाराला कधीच पाट मिळाला नाही, त्यांत अमेरिकेतील उन्हाळी शिबिरावर रचलेल्या 'स्लॅशर' कादंबरीची गणना करावी लागेल. तिचा साचा ठरलेला आहे. तळ्याकाठचे रान, लाकडी केबिनी, मुलांची देखभाल करण्यासाठी नेमलेले आणि स्वतः जेमतेम विशीतले असलेले मार्गदर्शक, पूर्वी केव्हातरी घडलेली व गावाने विसरावयाचे ठरविलेली एक दुर्घटना, आणि अंधारात हत्यार परजून उभा असलेला कोणी एक मुखवटाधारी! एकेक पात्र टिपले जाते आणि अखेरीस एक मुलगी उरते. रक्त इतके सांडते आणि योगायोग इतके जुळतात, की भीतीऐवजी हसू यावे. हा भडकपणा बहुधा हेतुपुरस्सर असतो. इंग्रजीत अशा मिटक्या मारीत चाखावयाच्या भडकपणालाही 'कॅम्प' हाच शब्द आहे, आणि सूझन सोंटॅग यांचा त्यावरील १९६४ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. या वाङ्मयाला नाक मुरडणे सोपे आहे. तथापि, जो साचा चार दशकांहून अधिक काळ टिकतो, त्याच्या मुळाशी समाजमनातील एखादे खरे शल्य असावे, असे मानण्यास जागा आहे.

उन्हाळी शिबिर ही अमेरिकन मध्यमवर्गाच्या श्रद्धेची संस्था होय. कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ साली आपल्या शाळेतील मुलांना पायी चालत समुद्रकाठी मुक्कामाला नेले, तेथून या प्रथेचा आरंभ मानला जातो. शहरी मुलाने निसर्गात राहावे, हातपाय हलवावेत, स्वावलंबी व्हावे, हा त्यामागील उदात्त हेतू. परंतु या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. आईबाप आपले मूल काही आठवडे परक्यांच्या स्वाधीन करतात, आणि ते परके पुष्कळदा त्या मुलाहून फार मोठे नसतात. या धास्तीला पहिली वाचा फुटली ती शिबिराच्या शेकोटीभोवतीच. न्यूयॉर्क राज्यातील शिबिरांत 'क्रॉप्सी' नावाच्या वेड्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. शिबिरातील मुलांच्या हलगर्जीपणामुळे ज्याचे स्वतःचे मूल दगावले, असा हा बाप सूडासाठी रानात हिंडतो. मुलांनी रात्री अंथरूण सोडू नये, एवढाच सांगणाऱ्याचा हेतू असेल. पण कथेचे बीज हयगयीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

हेच बीज १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' या चित्रपटात रुजले. शॉन कनिंगहॅम यांनी न्यू जर्सीतील एका खऱ्याखुऱ्या बालवीर शिबिरात तो चित्रित केला. सुमारे साडेपाच लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत चार कोटींच्या घरात उत्पन्न मिळविले. पुढील चित्रपटांतील हॉकीचा मुखवटा इतका गाजला, की मूळ कथेतील खुनी कोण, याचा पुष्कळांना विसर पडला. तेथे खून करते ती एक आई. त्याच शिबिरात पूर्वी स्वयंपाक करणारी. तिचा लहानगा मुलगा तळ्यात बुडाला, कारण ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावयाचे, ते तरुण आपल्या प्रणयात दंग होते. ते शिबिर पुन्हा उघडले जाते हाच तिच्या लेखी अपराध. सायमन हॉक यांनी १९८७ साली याच कथेचे कादंबरीत रूपांतर केले. १९९१ साली आर. एल. स्टाइन यांनी 'लाइट्स आउट'मध्ये तोच साचा शाळकरी वाचकांसाठी वापरला.

या कथा म्हणजे तारुण्यसुलभ वर्तनाला दिलेली देहान्ताची शिक्षा होय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पडद्यावर तरुण स्त्रीची हत्या रेंगाळत दाखविली जाते, हेही नाकारता येणार नाही. परंतु कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९८७ च्या आपल्या निबंधात जिला 'अखेरची मुलगी' असे नाव दिले, तिच्याकडे पाहिले म्हणजे दुसरा अर्थ उमगतो. ही मुलगी वाचते, कारण ती सावध असते. इतरांना जे दिसत नाही ते ती पाहते. जेथे कोणी पाहिले नाही म्हणून मूल बुडाले, तेथे जी पाहते तीच तरते. या ओबडधोबड वाङ्मयाची नीती इतकी साधी आहे.

कल्पिताच्या बाहेर मात्र हिशेब इतका सोपा नाही. १९६५ साली मेन राज्यातील पेनॉब्स्कॉट नदीत शिबिराच्या नौकासहलीत एक पंधरा वर्षांचा मुलगा बुडाला. शिबिरांच्या सुरक्षिततेसाठी सबंध देशाला लागू होणारा कायदा व्हावा, म्हणून त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षे लोकप्रतिनिधींचे उंबरठे झिजविले. संसदेच्या समित्यांपुढे सुनावण्या झाल्या. कायदा झाला नाही. ज्या दशकात हा बाप दारोदार फिरत होता, ते दशक संपताच पडद्यावरील आई तळ्याकाठी सुरी घेऊन उभी राहिली. एकातून दुसरे निपजले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोघांचा प्रश्न एकच होता.

तो प्रश्न आजही सुटलेला नाही. ४ जुलै २०२५ रोजी पहाटे टेक्सासमधील ग्वादालूपे नदीला पूर आला आणि 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या जुन्या शिबिरातील सत्तावीस शिबिरार्थी व मार्गदर्शक मृत्युमुखी पडल्या. सर्वांत लहान मुलींच्या केबिनी नदीच्या जवळ, पूरक्षेत्रात होत्या. तेथे कोणी मुखवटाधारी नव्हता. पूररेषेच्या आत केबिनी असलेल्या शिबिराला परवाना देऊ नये, असा कायदा त्या राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे इतक्या जिवांची किंमत मोजल्यावर केला.

कादंबरीत खुन्याला चेहरा असतो, त्याला मारताही येते. हयगयीला चेहरा नसतो. ती नकाशात, नियमात, पुढे ढकललेल्या खर्चात विखुरलेली असते. म्हणून कथाकार तिला मुखवटा चढवितो आणि हाती कोयता देतो. हे सुलभीकरण आहे खरे. पण ज्याला नाव देता येत नाही, त्याची भीती बाळगण्याची सोय त्यात आहे.

स्टीफन ग्रॅहम जोन्स यांच्या 'माय हार्ट इज अ चेनसॉ' या २०२१ च्या कादंबरीने हे मर्म नेमके ओळखले. आयडाहोमधील एका तळ्याकाठच्या गावी, जेथे जुन्या शिबिराला लोक 'कॅम्प ब्लड' म्हणतात, जेड नावाची मूलनिवासी वंशाची एक एकाकी मुलगी राहते. ती आपल्या इतिहासाच्या शिक्षकांसाठी स्लॅशर चित्रपटांवर निबंधामागून निबंध लिहिते. त्या लेखनात विनोद आहे, पांडित्याचा आव आहे. वाचक हसत हसत पुढे जातो, आणि अखेरीस त्याला कळते, की या वेडामागे तिच्या स्वतःच्या घरातच झालेला आघात दडलेला होता. जे सरळ सांगता येत नव्हते, ते ती रक्तपाताच्या कथांच्या आडून सांगत होती.

वर्गातील मागच्या बाकावर बसून अशी पुस्तके वाचणाऱ्या मुलाचे पुस्तक हिसकावून घेणे हा मोठ्यांचा जुना परिपाठ. पुस्तक सुमार असेल, अनेकदा असतेच. परंतु त्याच्या पानापानांतून एकच गोष्ट विचारली जात असते : मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम ज्यांचे होते, ते त्या वेळी कोठे होते? पुस्तक जप्त केल्याने या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी टळत नाही.