मैदान रिकामे असताना

आपल्याकडे जसे क्रिकेटचे वेड आहे, तसे अमेरिकेत बेसबॉलचे आहे. हाही चेंडू आणि बॅट यांचाच खेळ. यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर, आपल्या यष्टिरक्षकासारखा. फलंदाजाला मैदानातील तीन बेस ओलांडून पुन्हा मूळ जागी यावे लागते. तेव्हा कोठे एक धाव होते.

मोठ्या स्पर्धेतील प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो. हंगाम हा शब्द वाचून तुम्हांला हसू येईल. उर्दूत हंगामा म्हणजे गोंधळ, आरडाओरड. मराठीत मात्र हंगाम म्हणजे एखाद्या गोष्टीचा ठरलेला काळ. आंब्याचा हंगाम, पेरणीचा हंगाम, तसाच खेळाचा हंगाम. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरात अंतिम सामन्यांनी संपतो. मग थंडी पडते व मैदाने ओस पडतात. फेब्रुवारीच्या मध्यास खेळाडू ॲरिझोना आणि फ्लोरिडा या उबदार राज्यांत सराव शिबिरासाठी जमतात. पिचर आणि कॅचर आधी येतात, बाकीचे नंतर.

मधल्या तीन-चार महिन्यांत काय घडते? सामना एकही होत नाही. पण संघ मोडतात आणि नव्याने बांधले जातात. ते कसे, हे समजण्यासाठी 2024 पर्यंत ओकलँड शहरात असलेल्या संघाची हकिकत पाहू. या संघाचे नाव अॅथलेटिक्स. हकिकत 2001 सालच्या हिवाळ्यातील आहे.

त्या वर्षी ओकलँडने 102 सामने जिंकले. ही कामगिरी फार मोठी होती. पण 15 ऑक्टोबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्यांना बाद फेरीत हरवले. पाच सामन्यांच्या मालिकेत ओकलँडने पहिले दोन जिंकले होते आणि पुढचे तिन्ही गमावले. खेळाडू खाली मान घालून घरी गेले. खरा धक्का त्यानंतर बसला.

तेथे एक नियम आहे. मोठ्या स्पर्धेत सहा वर्षे पूर्ण केलेला खेळाडू, त्याच्या कराराची मुदत संपली की मोकळा होतो. मग तो कोणत्याही संघाशी नवा करार करू शकतो. पूर्वी असे नव्हते. संघमालक खेळाडूला वर्षानुवर्षे बांधून ठेवत आणि वाटेल तेव्हा दुसऱ्या संघाला देऊन टाकत. कर्ट फ्लड नावाच्या कृष्णवर्णीय खेळाडूला 1969 मध्ये असेच सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला धाडण्यात आले. आपण विकत घेण्याची वस्तू नाही, असे म्हणून तो न्यायालयात गेला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याचे खेळाचे दिवसही संपले. पुढे 1975 मध्ये एका लवादाने दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडू मोकळे झाले. या मोकळीकीमुळे छोट्या संघांची पंचाईत होते हे खरे. पण कर्ट फ्लडची गोष्ट वाचल्यावर जुना नियम चांगला होता असे कोण म्हणेल?

ओकलँडचे तीन मोठे खेळाडू त्या हिवाळ्यात मोकळे झाले. जेसन जिआंबी हा त्यांचा सर्वांत जबरदस्त फलंदाज. त्याला यांकीजनेच सात वर्षांसाठी 12 कोटी डॉलर देऊ केले. ओकलँडच्या साऱ्या संघाचा वर्षाचा पगार सुमारे चार कोटी डॉलर होता. एकाच माणसावर इतका पैसा ते कोठून आणणार? जिआंबी गेला. चपळ जॉनी डेमन बोस्टनला गेला. शेवटच्या डावात सामना राखून देणारा पिचर जेसन इसरिंगहाऊसेन सेंट लुईसला गेला.

संघाचा कारभार बिली बीन यांच्याकडे होता. तेथे या पदाला जनरल मॅनेजर म्हणतात. खेळाडू आणणे, सोडणे आणि अदलाबदल करणे हे त्यांचे काम. दुसरा जिआंबी बाजारात परवडणारा नव्हता. तेव्हा बीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : फलंदाज बाद न होता बेसवर किती वेळा पोहोचतो? बेसबॉलमध्ये पिचरने चार वाईट चेंडू टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. असे चेंडू शांतपणे सोडणाऱ्या खेळाडूचे फारसे कौतुक होत नसे, म्हणून तो स्वस्तात मिळे.

डिसेंबर 2001 मध्ये त्यांनी डेव्हिड जस्टिसला घेतले. तो एके काळचा नामांकित फलंदाज, पण आता 35 वर्षांचा. टोरांटोकडून एक वेगवान पिचर अदलाबदलीत मिळवला. जानेवारीत टेक्सासकडून कार्लोस पेन्या हा तरुण खेळाडू आणला आणि त्याच्या बदल्यात आपले होतकरू खेळाडू दिले.

या साऱ्यांत मला स्वतःला स्कॉट हॅटेबर्गची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. तो बोस्टनचा कॅचर होता. कोपराची नस तुटल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीसारखा चेंडू फेकणे त्याला जमेना. कॅचरला चेंडू फेकता आला नाही, तर त्याचा उपयोग काय? बोस्टनने त्याला कोलोरॅडोला दिले. कोलोरॅडोनेही काही दिवसांतच सोडून दिले. लगेच ओकलँडचा फोन आला. त्यांनी त्याच्या हाताची फार चौकशी केली नाही. तो वाईट चेंडूला हात लावत नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांनी त्याला जिआंबीच्या जागी, पहिल्या बेसवर उभे करायचे ठरवले. तेथे फेकण्यापेक्षा झेलण्याचे काम जास्त असते. पण ते काम हॅटेबर्गला येत नव्हते! आयुष्यभर बसून चेंडू झेललेला माणूस उभ्याने झेलायला शिकू लागला. थंडीच्या दिवसांत तो टेनिसच्या मैदानावर जाई. त्याची पत्नी जमिनीलगत चेंडू मारी आणि तो ते अडवी. पुढे ॲरिझोनातील शिबिरात रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकांनी त्याला रोज धडे दिले.

शिबिर सुमारे सहा आठवडे चालते. तेथील सामन्यांतल्या जय-पराजयाला किंमत नसते. कोण राहणार आणि कोण जाणार, हे ठरत असते. शिबिरात खूप खेळाडू असतात, पण हंगामाच्या आरंभी त्या काळी संघात 25 जणांनाच जागा होती. (2020 पासून ही संख्या 26 झाली.) उरलेल्यांना खालच्या स्पर्धेत पाठवतात, काहींना घरी.

2002 चा हंगाम सुरू झाला, तेव्हा पहिला बेस पेन्याकडे होता. त्याची बॅट चालेना, म्हणून मे महिन्यात तो खालच्या संघात गेला आणि जुलैत डेट्रॉइटला. जागा हॅटेबर्गला मिळाली. ऑगस्टात ओकलँड जिंकू लागले, आणि जिंकतच राहिले. लागोपाठ 19 सामने! 4 सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध ते 11-0 असे पुढे होते. कसे कोण जाणे, कॅन्सस सिटीने 11-11 अशी बरोबरी केली. नवव्या डावात दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला आला हॅटेबर्ग. त्याने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. ओकलँड 12-11 ने जिंकले आणि लागोपाठ 20 विजय झाले.

या प्रसंगांवर 2003 मध्ये पुस्तक निघाले आणि 2011 मध्ये चित्रपटही आला. चित्रपट पाहून वाटते की, सारी किमया हिशेबाचीच होती. ते तितकेसे बरोबर नाही. झिटो, हडसन आणि मल्डर हे तीन तरुण पिचर संघात आधीपासून होते. त्या वर्षीच्या 103 विजयांपैकी 57 या तिघांच्या नावावर आहेत. फलंदाज मिगेल तेहादा त्या वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यांना कोणी हिवाळ्यात शोधून आणले नव्हते.

ऑक्टोबरात मिनेसोटाने ओकलँडला बाद फेरीत हरवले, पुन्हा तीन विरुद्ध दोन असेच. जस्टिस निवृत्त झाला. डिसेंबरात टोरांटोहून आणलेला पिचर शिकागोला देण्यात आला. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तेहादाही बाल्टिमोरला गेला. हॅटेबर्ग मात्र 2005 च्या हंगामापर्यंत ओकलँडकडेच राहिला.